साताऱ्याभोवती निसर्गाचे फोटो : नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्यांसाठी

साताऱ्याला फोटो काढायला येणारा नवखा माणूस बहुधा एक यादी घेऊन येतो. कास, ठोसेघर, सज्जनगड, चाळकेवाडी, बामणोली, जमलंच तर अजिंक्यतारा. आणि हे सगळं एका रविवारात. संध्याकाळी कार्ड भरलेलं असतं, पण निम्मे फोटो दुपारी बाराच्या उन्हातले आणि उरलेले गाडीच्या काचेतून काढलेले निघतात. म्हणून ही यादी जरा उलटी करू. आधी ऋतू ठरवायचा, मग दिशा, मग वेळ. ठिकाण शेवटी आपोआप ठरतं.

आधी जमीन समजून घ्या

शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलं आहे. पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढला की कासचं पठार लागतं. ते शहरापेक्षा चार-साडेचारशे मीटर उंच आहे, आणि तिथून पुढे कोयनेच्या खोऱ्यापर्यंत धो धो पाऊस. पूर्वेला कृष्णा, तिच्यापलीकडे कोरेगाव, आणि अजून पुढे गेलं की माण-खटावचा दुष्काळी मुलूख. शंभर किलोमीटरच्या आत एवढा फरक फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतो. नवख्याने एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ: पावसाळ्यात पश्चिमेला जायचं, हिवाळ्यात नदीवर आणि गडांवर, आणि उन्हाळ्यात आकाशाकडे बघायचं.

उन्हाळ्याचं वाचून कुणी भुवया उंचावेल. मार्च-एप्रिलमध्ये हवेत धूळ असते, डोंगरांवर वणव्यांचे काळे डाग असतात, लांबचं काही स्पष्ट दिसत नाही हे खरंच आहे. पण मे महिन्यात वळवाचे ढग उठायला लागले की साताऱ्याच्या पूर्वेचं सपाट माळरान एकदम कामाचं होतं. दुपारी चारनंतर जरंडेश्वराच्या डोंगरामागे ढग चढताना दिसतात, आणि नांगरलेल्या शेतावर एकीकडे ऊन, दुसरीकडे काळोख अशी वाटणी होते. गर्दी शून्य, तिकीट नाही. विजा चमकू लागल्या की मात्र उघड्या माळावर ट्रायपॉड लावून उभं राहू नका, सरळ गाडीत बसा.

पहिली सकाळ अजिंक्यताऱ्यावर

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. अजिंक्यताऱ्यावर जा. दरवाज्यापर्यंत गाडीरस्ता आहे, आणि पहाटे फिरायला येणाऱ्या सातारकरांमुळे सोबतही असते. शहर गडाच्या उत्तरेला पसरलेलं आहे. त्यामुळे सूर्य उगवताना प्रकाश शहरावर बाजूने पडतो आणि घरं, रस्ते, झाडं सगळ्यांच्या सावल्या आडव्या दिसतात. नवख्याला प्रकाशाची दिशा शिकायला याहून सोपी जागा नाही.

तटावरून एक फेरी मारा आणि हातातला नकाशा खऱ्या डोंगरांशी ताडून बघा. पश्चिमेला यवतेश्वर, नैर्ऋत्येला सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर, ईशान्येला लांबवर चंदन-वंदनची जोडी. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकून उगवतो, डिसेंबरात आग्नेयेकडे. दोन्ही टोकांमधलं अंतर पन्नास अंशांच्या आसपास भरतं. म्हणजे जूनमध्ये एखाद्या डोंगरामागून उगवलेला सूर्य जानेवारीत तिथे सापडणारच नाही. सूर्याची जागा आधी दाखवणारी मोफत ॲप्स फोनवर मिळतात. त्यांतलं एखादं घ्या आणि आदल्या रात्री पाहून ठेवा.

वेळेचा अंदाज असा: जानेवारीत सूर्योदय सातच्या थोडा पुढे, जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, सप्टेंबरच्या मध्यावर सहा-वीस ते सहा-पंचवीस. जागेवर त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचायचं. सूर्य वर येण्याआधीचा निळसर उजेड बहुतेकांच्या हातून जातो, कारण तोवर ते गाडी लावत असतात.

सामान

फोन असेल तर फोन पुरतो. दोन सवयी लावा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करायचा, आणि बोटांनी झूम करायचं टाळायचं. जवळ जाता येत नसेल तर तो फोटो फोनचा नाही असं समजा.

कॅमेरा असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर सुरुवात करायला काही हरकत नाही. निसर्गाच्या फोटोला लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १०० किंवा २००, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. उजेड कमी असेल तर शटर लांबवायचं, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवायचं, त्यासाठी ट्रायपॉड. लेन्स आणखी एकच घ्यायची तर मोठा पसारा टिपणाऱ्या वाइडच्या मोहात न पडता ७०-२०० किंवा ५५-२५० मिमी अशी लांबचं जवळ आणणारी टेली घ्या. साताऱ्यात एकामागे एक डोंगररांगा आहेत, आणि त्या एकमेकींना चिकटवून दाखवायचं काम टेलीच करते. वाइड लेन्समध्ये सज्जनगडसुद्धा टेकाडासारखा दिसतो.

फिल्टर एकच, पोलरायझर. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी तो काढून टाकतो, आणि पावसाळ्यात हिरवा रंग खरा दिसायला लागतो. याशिवाय पिशवीत तीन-चार कोरडी सुती फडकी, कॅमेऱ्यावर घालायला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड. पावसात छत्री उलटते, फडकं उपयोगी पडतं. एसी चालू असलेल्या गाडीतून कॅमेरा एकदम धुक्यात काढला तर काचेवर वाफ धरते. शेवटची दहा-पंधरा मिनिटं एसी बंद करून काचा उघड्या ठेवा.

कास : फुलांपेक्षा पठाराकडे बघा

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर कास. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत हे पठार आहे. जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यावर पावसाचं साचलेलं पाणी, आणि त्यात वाढणारी इवली इवली झुडपं. झाडं इथे मूळ धरू शकत नाहीत म्हणून फुलांना मोकळं रान मिळालं आहे.

हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. आधी पांढरे गेंद, जांभळट निळी सीतेची आसवं आणि गुलाबी तेरडा, मग पिवळी मिकी माऊस म्हणजे कवला, आणि शेवटाकडे सोनकी. पण पाऊस कसा झाला यावर सगळं पुढेमागे होतं. अमुक तारखेला अमुक फूल असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विसंबू नका. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते.

हंगामात रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, प्रवेशशुल्क आहे, आणि गाडी लांबच्या वाहनतळावर लावावी लागते. पठाराची व्यवस्था वनखातं आणि आसपासच्या गावांची समिती मिळून बघते. शुल्क आणि वेळा बदलतात, तेव्हा त्या नोंदणी करतानाच पाहा. शनिवार-रविवार शक्य तर सोडाच. मंगळवार-बुधवारी, पहिल्या वेळेचं बुकिंग.

आता फोटोबद्दल. इथे येणारा प्रत्येक जण एका फुलावर लेन्स टेकवतो. त्यात गैर काही नाही, पण तो फुलाचा फोटो झाला, कासचा नाही झाला. पठाराचा फोटो हवा असेल तर वाटेवरच गुडघे टेकून बसा आणि टेली लेन्सने आडवं बघा. वरून विरळ दिसणारी फुलं खालून बघितली की दाट पट्टा होऊन येतात: पुढे निळा, मागे गुलाबी, त्यामागे धुक्यात अर्धं बुडालेलं एखादं झुडूप. त्या झुडपाला फोटोत जागा द्या. नजर टेकायला काही नसेल तर गालिचा नुसता गालिचाच राहतो.

धुक्यात कॅमेरा हटकून फसतो. पांढरं दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो काळपट करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सोय, +०.७ ते +१ करा, आणि हिस्टोग्रॅम (उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख) उजवीकडे सरकलाय पण टोकाला आदळला नाही एवढं तपासा. धुकं दाट झालं म्हणून परत फिरू नका. कासला धुकं दहा मिनिटांत येतं आणि दहा मिनिटांत फाटतं, आणि फाटताना जे दिसतं त्यासाठीच आलो असतो. थांबायचं, चहा प्यायचा, लेन्सवर टोपण ठेवायचं.

आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. इथली फुलं बोटाच्या पेराएवढी असतात आणि पुढच्या वर्षीचं बी त्याच मातीत पडायचं असतं. ‘एकच फोटो’ म्हणून कुणी आत शिरला की मागून वीस जण शिरतात. फुलांच्या मध्ये बसवून काढलेले जोडप्यांचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत, त्यात भर घालायची गरज नाही. ड्रोनही वनखात्याच्या परवानगीशिवाय काढू नका.

कास बघून परतताना यवतेश्वर घाटात थांबा. घाट शहराच्या पश्चिमेला आहे, म्हणून संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे आणि समोर पूर्ण सातारा. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश निळं असतानाच शहराचे दिवे लागलेले असतात. तेव्हाच फोटो काढायचा. पुढे आकाश काळं झालं की नुसते ठिपके उरतात. गाडी वळणावर न लावता रुंद जागा बघून, पूर्ण रस्त्याबाहेर लावायची.

ठोसेघर, चाळकेवाडी, सज्जनगड : एकच रस्ता, पण क्रम महत्त्वाचा

साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलं की हा रस्ता सुरू होतो. आधी सज्जनगडाचा फाटा, मग ठोसेघर, मग वर चाळकेवाडीचं पठार. बहुतेक जण याच क्रमाने थांबत जातात आणि धबधब्यावर ऐन दुपारी, भर गर्दीत पोचतात. तुम्ही सकाळी थेट ठोसेघर गाठा, दुपारनंतर चाळकेवाडी, आणि सज्जनगडासाठी दुसरा दिवस ठेवा. त्याच दिवशी तोही करायचाच असेल तर चाळकेवाडी सोडून द्या.

ठोसेघरचा धबधबा साताऱ्यापासून २५-२६ किलोमीटरवर. समोरच्या कड्यावर कठडा घातलेली बघायची जागा आहे, फोटो तिथूनच काढायचे. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात पाणी गढूळ तांबडं येतं. ऑगस्टमध्ये ते निवळतं, आणि सप्टेंबरात धारा सुट्या होतात. मला स्वतःला सप्टेंबर आवडतो. कड्याचा काळा दगड धारांच्या मधून दिसतो तेव्हाच धबधब्याला अंग येतं.

पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून सगळेच शटर लांबवतात. पण अमुक सेकंद बरोबर असा नियम नसतो. भरपूर पाणी असताना एक-दोन सेकंद ठेवले तर नुसता पांढरा पडदा मिळतो. १/८ ते १/२ सेकंदाच्या मध्ये प्रयोग करा, धारा धारा राहतात. पाऊस जोरात असेल आणि पाण्याचा आवेग दाखवायचा असेल तर उलट १/२५० किंवा त्याहून जलद. ढगाळ हवा इथे वरदान आहे. ऊन असेल तर दरीचा अर्धा भाग काळा आणि अर्धा भगभगीत होतो, कुठलाच कॅमेरा ते सांभाळत नाही. दरीतून तुषार उडून काचेवर बसतात, म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर काच पुसा आणि फोटो मोठा करून बघा. कठडा ओलांडणाऱ्याला आवाज देऊन मागे बोलवा, ओळख नसली तरी. इथला कडा सरळ आहे आणि दगड शेवाळलेला.

चाळकेवाडीला पवनचक्क्या. वनकुसवडे-चाळकेवाडीचं हे पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि पवनऊर्जेच्या जुन्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक इथे उभा आहे. पात्यांची गती दाखवायची असेल तर १/४ सेकंदाच्या जवळपास; थांबलेली पाती हवी असतील तर १/५०० सहज. रस्त्यावरून पाच-सहा पवनचक्क्या एका ओळीत दिसतील असा कोपरा शोधा आणि टेलीने त्या जवळ खेचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत सोनेरी होतं, आणि त्यात चरणारी जनावरं असतील तर त्या पात्यांचा आकार किती प्रचंड आहे ते कळतं. वारा इतका असतो की हलका ट्रायपॉड उभाच राहत नाही. मधली दांडी वर काढू नका, पाय पसरून ठेवा आणि खाली पिशवी लटकवा. पवनचक्कीच्या बुंध्यापाशी जायचं नाही, तो कंपन्यांचा आवार आहे.

सज्जनगड हा समर्थ रामदासांच्या समाधीचा गड, आणि लोक इथे दर्शनाला येतात हे विसरू नका. मंदिरात कॅमेरा बंद. पायऱ्या चढून छत्रपती शिवाजी महाद्वार आणि समर्थ महाद्वार पार केलं की गडाच्या पार टोकाला धाब्याचा मारुती आहे. फोटोची जागा ती. खाली उरमोडी धरणाचं पाणी, समोर डोंगरांच्या सोंडा, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडच्या पठारावरच्या पवनचक्क्या काडीएवढ्या. दुपारी चारनंतर पाण्यावर प्रकाश तिरपा येतो. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेलं असतं आणि डोंगर अजून हिरवे असतात, त्यामुळे वर्षातून एकदाच जायचं असेल तर तेव्हा जा. गडाचे दरवाजे रात्री बंद होतात, वेळ खालीच विचारून घ्या. दुपारी पोचलात तर महाप्रसाद घ्या, तो सर्वांसाठी असतो.

हिवाळ्यात नदी

डिसेंबर-जानेवारीत डोंगर सोडून खाली उतरा. शहरापासून पाचेक किलोमीटरवर माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. दोन्ही काठांवर जुनी दगडी मंदिरं आणि घाट आहेत, आणि थंडीत पहाटे पाण्यावरून वाफेसारखं धुकं उठतं. सूर्य वर येऊन झाडांच्या मागून डोकावला की त्या धुक्यात किरणांच्या रेघा पडतात. हे जेमतेम वीस मिनिटं टिकतं. आधीच जागा धरून बसावं लागतं, म्हणून आदल्या संध्याकाळी एकदा चक्कर टाकून घाटाच्या कुठल्या पायरीवरून शिखर आणि पाणी दोन्ही येतंय ते बघून ठेवा. शिखराचं प्रतिबिंब पूर्ण हवं असेल तर कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या.

शहराची स्मशानभूमीही इथे नदीकाठीच आहे. क्रियाकर्म चालू असेल तर कॅमेरा त्या दिशेला वळवायचा नाही, आणि लांबून टेलीनेही नाही. थोडं वर-खाली सरका, नदी लांब आहे.

थंडीतली दुपार फुकट घालवायची नसेल तर लिंबची बारा मोटेची विहीर बघा. पुणे-बंगळूर महामार्गावरून लिंब फाट्याने आत वळायचं. १७१९ ते १७२४ या काळात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी थोरली, आणि विहिरीतच वर महाल. हा काही डोंगरदऱ्यांचा देखावा नाही, पण डोक्यावरचं ऊन जिथे उपयोगी पडतं अशी आसपासची मला माहीत असलेली हीच एक जागा. बाहेर सगळं भगभगीत असताना ऊन सरळ खाली उतरून पाण्यापर्यंत पोचतं आणि कमानींच्या आत परत फेकलं जातं. वाइड लेन्स असेल तर ती इथे काढा.

बामणोली, जरा हात बसल्यावर

कासवरून पुढे घाट उतरलं की बामणोली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय इथपर्यंत पसरला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी काठोकाठ असतं. मे-जूनपर्यंत ते खाली जातं आणि तांबड्या मातीचे काठ उघडे पडतात. ते उघडे काठ पाहून लोक हिरमुसतात, पण पाणी उतरताना मागे राहिलेल्या वळणदार रेषा टेलीमध्ये फार सुंदर येतात.

पाणी आरशासारखं हवं असेल तर सकाळ गाठा, दुपारी वारा सुटतो. त्यासाठी बामणोलीतच मुक्काम करणं बरं, कारण कासचा रस्ता पहाटे अंधारात, धुक्यात तुडवण्यात शहाणपण नाही. गवे रस्त्यावर येतात, आणि पुढे मोबाइलला रेंज असेलच असं नाही. पेट्रोल साताऱ्यातच भरून निघा, घरी कुठे जातोय ते सांगून ठेवा.

होडीतून फोटो काढताना ट्रायपॉडचा उपयोग नसतो, होडीबरोबर तोही हलतो. आयएसओ ४०० पर्यंत वाढवा आणि शटर १/५०० च्या खाली येऊ देऊ नका. होडीवाल्याला आधीच सांगा की मध्ये दोन ठिकाणी इंजिन बंद करायचंय. पैसे ठरवताना हेही ठरवून घ्या. वासोट्याला जायचं असेल तर तो अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात तो बंद असतो. पहिल्या फेरीत वासोटा धरू नका. होडी, चढ आणि उतार यात दिवस संपतो, आणि होड्या अंधाराआधी परत यायला हव्यात म्हणून चांगल्या उजेडाच्या वेळी तुम्ही नेमके घाईत असता.

वाई, मेणवलीचा घाट आणि धोमचं पाणी साताऱ्याहून पस्तीस ते पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, पण ते साताऱ्याच्या दिवसात कोंबू नका. मेणवलीला पहाटे पोचायचं तर मुक्काम वाईतच करावा लागतो.